रक्तातील राखणदार आणि एच.आय.व्ही.

१ डिसेंबर हा दिवस जगभर एड्स दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही त्या दिवशी रेड रिबन क्लबची फेरी निघते, घोषणा होतात, छातीवर लाल फीत लावली जाते आणि सभागृहात एखादे व्याख्यान होते. अशाच एका व्याख्यानानंतर प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पाहुण्या डॉक्टरांना प्रश्न विचारला, "सर, दोन माणसांना एकाच वर्षी लागण झाली. त्यांतला एक पाच वर्षांत अंथरूण धरतो आणि दुसरा पंधरा वर्षे शेतात राबतो. विषाणू तर एकच ना? मग असे का?" डॉक्टर हसून म्हणाले, "उत्तर विषाणूत कमी आणि माणसाच्या रक्तात जास्त आहे." एवढ्यात वेळ संपली, आभारप्रदर्शन झाले आणि प्रश्न तसाच राहिला.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरी त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. मिळतील ती पुस्तके वाचली, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्याच औसा तालुक्यात, हासेगाव येथे, श्री. रवी बापटले यांनी २००७ साली सुरू केलेले 'सेवालय' आहे. एच.आय.व्ही.सह जन्मलेली, बहुतेक आईबापांविना राहिलेली मुले तेथे वाढतात, शिकतात. त्या मुलांच्या रक्तात नेमके काय चालले आहे, हे त्यांच्या शेजाऱ्यांनी समजून घ्यायला नको काय?

राखणदारांची ओळख

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी यंत्रणा आहे तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. शक्ती म्हटले की ती एखादी अदृश्य वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती म्हणजे जिवंत पेशींची फौज आहे. या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि रक्तात, लसीका ग्रंथींत, आतड्यांच्या अस्तरात, प्लीहेत वस्ती करून राहतात. त्यांचे प्रकार पुष्कळ, पण आपल्या विषयापुरती पाच-सहा नावे पुरेत.

पहिल्या भक्षक पेशी. या घुसखोर जंतूला सरळ गिळतात. दुसऱ्या वार्ताहर पेशी. त्वचेत आणि अंतस्त्वचेत त्या पहाऱ्यावर असतात. परका जंतू दिसला की त्याचा तुकडा घेऊन जवळच्या लसीका ग्रंथीकडे धावतात आणि "हा पाहा, असा चोर आला आहे" असे दाखवतात. तिसऱ्या साहाय्यक पेशी, ज्यांना शास्त्रज्ञ सीडी-४ पेशी म्हणतात. त्या स्वतः फारशी मारामारी करीत नाहीत. पण गावात डवंडी पिटावी तसा हुकूम त्यांच्याकडून सुटतो आणि मग बाकीची फौज उभी राहते. चौथ्या मारक पेशी, म्हणजे सीडी-८ पेशी. विषाणूने पछाडलेली आपलीच पेशी ओळखून तिला नष्ट करणे हे त्यांचे काम. पाचव्या बी पेशी, ज्या प्रतिपिंडे तयार करतात. सहाव्या नैसर्गिक मारक पेशी. त्यांना आधी ओळखपरेड लागत नाही; संशयास्पद पेशी दिसली की त्या हात चालवतात.

यांतील सीडी-४ पेशींचे महत्त्व लक्षात घ्यावे. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या मूक झाल्या तर मारक पेशी थकतात, बी पेशींना योग्य इशारा मिळत नाही, भक्षक पेशींच्या अंगात बळ येत नाही. फौज असते, पण तिला हुकूम देणारा कोणी उरत नाही.

कुंपणातच शिरलेला चोर

१९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना एक विचित्र न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. एरवी धडधाकट माणसाला न होणारा हा रोग होता. त्यांच्या रक्तात साहाय्यक पेशी जवळजवळ नव्हत्याच. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा विषाणू वेगळा केला. त्या दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून या लागणीचा पहिला पुरावा पुढे आला.

या विषाणूचे वैशिष्ट्य असे की त्याने आपले घर म्हणून नेमकी सीडी-४ पेशीच निवडली. या पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचा जो रेणू असतो, तेच त्याचे कुलूप. त्याच्या जोडीला बहुधा सीसीआर-५ नावाची दुसरी कडी लागते. दोन्ही जुळले की दार उघडते. आत शिरल्यावर विषाणू आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. आता ती प्रत पेशीचीच मालमत्ता झाली. पेशी जेव्हा रोगाशी लढायला जागी होते, तेव्हा तिच्याच यंत्रांवर हजारो नवे विषाणू तयार होऊ लागतात.

कुंपणानेच शेत खावे अशी ही गत आहे. एवढेच नव्हे, तर जी वार्ताहर पेशी चोराची बातमी घेऊन लसीका ग्रंथीकडे धावते, तिच्याच अंगाला चिकटून विषाणू तेथवर पोहोचतो. साहाय्यक पेशींची सर्वांत दाट वस्ती तेथेच असते.

पहिले काही आठवडे

लागण झाल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत विषाणूची संख्या झपाट्याने चढते. काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते; काहींना काहीच जाणवत नाही. या थोड्या काळात आतड्याच्या अस्तरातील साहाय्यक पेशींची फार मोठी हानी होते. शरीरातील या पेशींचा मोठा वाटा आतड्यात असतो, रक्तात नव्हे. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत नुकसान कमी दिसते आणि आत मात्र पहिला मोठा घाव बसलेला असतो.

मग मारक पेशी रणांगणात उतरतात. त्या पछाडलेल्या पेशी हुडकून मारू लागतात आणि विषाणूची संख्या खाली येते. प्रयोगशाळेत माकडांच्या शरीरातील सीडी-८ पेशी तात्पुरत्या काढून टाकल्या तेव्हा विषाणू पुन्हा उसळला आणि त्या पेशी परतल्यावर तो पुन्हा दबला. यावरून या पेशींचे कार्य स्पष्ट झाले.

मात्र विषाणू शून्यावर येत नाही. दोन्ही बाजूंची ओढाताण एका पातळीवर थांबते. ही पातळी प्रत्येक माणसात वेगळी असते. कोणाच्या एका मिलिलीटर रक्तात काहीशे विषाणू राहतात, तर कोणाच्या रक्तात लाखाच्या घरात. पातळी जितकी वर, तितका रोगाचा प्रवास वेगाचा. हे १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील अभ्यासातून सिद्ध झाले. आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे. पुढच्या अनेक वर्षांचा वेग बराचसा त्या पहिल्या काही आठवड्यांत, मारक पेशी आणि विषाणू यांच्या झुंजीत ठरतो.

बाहेरून सर्व शांत दिसते, त्या काळातही आत शांतता नसते. औषध नसेल तर शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळजवळ तितकेच नष्टही होतात. उपचार न घेतल्यास हा झगडा सरासरी आठ ते दहा वर्षे चालतो. सीडी-४ ची संख्या २०० च्या खाली गेली किंवा विशिष्ट संधिसाधू रोग जडले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एच.आय.व्ही. म्हणजे एड्स नव्हे, हा फरक सुशिक्षितांनीही नीट लक्षात ठेवला पाहिजे.

कोणाला लवकर, कोणाला उशिरा

पण एकाच्या मारक पेशी प्रभावी आणि दुसऱ्याच्या दुबळ्या, असे का व्हावे? यासाठी मारक पेशी चोर कसा ओळखते ते पाहू. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचा नमुना जणू उंबरठ्यावर ठेवते. ज्या ताटलीत हा नमुना ठेवला जातो तिला एचएलए म्हणतात. मारक पेशी दारोदार फिरून ताटल्या तपासते. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीचा निकाल लागतो.

या ताटल्या आईवडिलांकडून वारशाने येतात आणि त्यांचे प्रकार असंख्य आहेत. बी-५७ आणि बी-२७ या प्रकारच्या ताटल्या ज्यांच्याकडे असतात, त्यांच्यात रोग बहुधा सावकाश जातो. कारण या ताटल्यांत विषाणूच्या गाभ्याचा असा भाग धरला जातो, की तो बदलायचा म्हटले तर विषाणू स्वतःच लंगडा होतो. एरवी हा विषाणू वेषांतरात पटाईत. प्रत काढताना त्याच्या इतक्या चुका होतात की रोज नवे रूप तयार होते आणि मारक पेशी चकतात. पण ज्या अवयवावाचून चालत नाही तोच कोणी धरून ठेवला, तर वेषांतर करणार कसे?

विषाणूही कमी धूर्त नाही. आपला नमुना दिसू नये म्हणून तो पेशीच्या काही ताटल्याच आत ओढून घेतो. येथे नैसर्गिक मारक पेशी कामाला येतात. ज्या घराच्या उंबरठ्यावर ताटली नाही, त्याच घराचा त्यांना संशय येतो.

उपचाराशिवाय वर्षानुवर्षे विषाणूला जवळजवळ अदृश्य पातळीवर दाबून ठेवणारे लोकही आहेत. लागण झालेल्यांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आज तिच्या नावात विषाणुशास्त्राचाही समावेश झालेला आहे. तेथील शास्त्रज्ञांनी उपचाराविना दीर्घकाळ निरोगी राहिलेल्या भारतीय व्यक्तींच्या मारक पेशींचा आणि नैसर्गिक मारक पेशींचा अभ्यास केला. हे काम आपल्यासाठी विशेष मोलाचे, कारण भारतात आढळणारा विषाणू मुख्यत्वे 'सी' उपप्रकारचा आहे, तर पाश्चात्य देशांतील सुरुवातीचे संशोधन बहुतांशी 'बी' उपप्रकारावर झालेले होते.

आणखी एक गंमत १९९६ साली उघडकीस आली. उत्तर युरोपातील सुमारे एक टक्का लोकांच्या पेशींवर ती सीसीआर-५ ची कडीच नसते. आईवडील दोघांकडून एक सदोष जनुक आल्यामुळे असे होते. अशांना या विषाणूची लागण सहसा होत नाही. आपल्या देशात हा जनुक फारच विरळा आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणी जन्मजात सुरक्षित असेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

भिंतच अंगावर आली तर

येथवर वाचून वाटेल की फौज जितकी खवळलेली तितके बरे. येथेच या रोगाचा सर्वांत न समजणारा भाग आहे, आणि तो किल्लारीच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर समजेल असे मला वाटते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकली आहे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून गाव झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. हजारो माणसे गेली. ती भुईत गडप झाली नाहीत. बहुतेक जण दगडमातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदाच्या जड छताखाली गाडले गेले. ज्या भिंती ऊन, पाऊस आणि चोर यांपासून राखण करण्यासाठी उभारल्या, त्याच अंगावर आल्या.

एच.आय.व्ही.मध्ये काहीसे असेच होते. विषाणूमुळे थेट मरणाऱ्या साहाय्यक पेशी एकूण मेलेल्या पेशींचा लहान भाग आहेत. लसीका ग्रंथींतील पेशींवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ज्या पेशींत विषाणूचा शिरकाव अर्धवट राहिला त्याही मोठ्या संख्येने मरतात. आत परका अंश सापडताच त्या जळून फुटतात, आणि फुटताना जो दाहक द्रव बाहेर पडतो त्याने आणखी साहाय्यक पेशी त्या जागी ओढल्या जातात. त्यांचीही तीच गत होते. तिकडे आतड्याचे अस्तर दुबळे झाल्याने तेथील जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. फौजेला वाटते की चहूबाजूंनी हल्ला झाला. ती रात्रंदिवस शस्त्र उगारून उभी राहते, थकते, लवकर म्हातारी होते. आणि जागी झालेली प्रत्येक साहाय्यक पेशी विषाणूला नवे घर पुरवते.

याचा पुरावा आफ्रिकेतील एका माकडाने दिला आहे. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात सूटी मँगबे नावाची माकडे आहेत. एच.आय.व्ही.च्या जातीतला एक विषाणू त्यांच्या रक्तात भरपूर संख्येने असतो. तरीही ती बहुधा आजारी पडत नाहीत. त्यांची फौज सुरुवातीला उठते आणि मग शांत होते. आशियाई माकडांत तोच विषाणू घातला तर त्यांची फौज शांत होत नाही आणि ती एड्ससारख्या रोगाने मरतात. म्हणजे रोगाची गती केवळ शत्रूच्या संख्येवर ठरत नाही. राखणदार किती नेमका मारतो आणि किती वेळात शांत होतो, यावरही ती ठरते. आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर.

क्षयाचे उदाहरण

साहाय्यक पेशी गेल्या की काय होते, याचे आपल्या भागात सहज समजणारे उदाहरण म्हणजे क्षयरोग. क्षयाचे जंतू आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात निपचित पडलेले असतात. भक्षक पेशींनी त्यांना कोंडाळे करून कोंडलेले असते. हे कोंडाळे टिकते ते साहाय्यक पेशींच्या हुकुमावर. त्या भक्षक पेशींना सतत रासायनिक इशारा पाठवीत असतात. इशारा थांबला की कोंडाळे ढिले पडते आणि वर्षानुवर्षे कोंडलेला क्षय बाहेर येतो. म्हणूनच भारतात एच.आय.व्ही. असलेल्यांचा सर्वांत मोठा शत्रू क्षय ठरला. बरा न होणारा खोकला, रात्रीचा घाम, उतरत जाणारे वजन या तक्रारी असणाऱ्याला दोन्ही तपासण्या करायला सांगतात, त्याचे कारण हे आहे.

औषध काय करते

एच.आय.व्ही.वरील औषधे फौजेला बळ देणारी टॉनिके नव्हेत. ती विषाणूची प्रत काढणारी आणि ती गुणसूत्रात शिवणारी यंत्रे बंद पाडतात. नवे विषाणू तयार होणे थांबते, फौजेचा गोंधळ कमी होतो आणि सीडी-४ पेशींची संख्या हळूहळू वर येते. राखणदारांना उसंत मिळते, असे म्हणू या.

भारतात सरकारने ही औषधे मोफत देण्यास १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात केली. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळी औषध सर्वांना मिळत नसे. सीडी-४ ची संख्या २०० च्या आसपास उतरेपर्यंत बहुतेकांना थांबावे लागे. कागदावरच्या त्या एका आकड्यावर घरादाराचे भवितव्य टांगलेले असे. संख्या अजून चांगली आहे म्हणून आनंद मानावा, की औषध मिळणार नाही म्हणून चिंता करावी, हे कळू नये अशी ती स्थिती होती. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली आणि २०१७ साली अटच गेली. आता लागण आढळली की लगेच उपचार सुरू करायचे, हे धोरण आहे. फौज खचण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही, हे पेशींच्या अभ्यासानेच शिकवले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असे उपचार केंद्र आहे आणि १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर गुप्तता राखून माहिती मिळते.

दुसरा लाभ समाजाचा आहे. जोडीदारांपैकी एकाला लागण झालेली आहे अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुणेही एक केंद्र होते. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. त्यानंतरच्या अभ्यासांनी असे दाखवले की औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबलेला आहे आणि तसाच राहतो आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. आई गरोदरपणात औषध घेत असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो. औषध नसेल तर तो १५ ते ४५ टक्के असतो.

मग रोग बरा का होत नाही?

कारण पुन्हा राखणदारातच आहे. एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवण्यासाठी काही साहाय्यक पेशी स्मृतिपेशी बनून वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. लसीकरणाचे सारे यश याच गुणावर उभे आहे. पण ज्या पेशीच्या गुणसूत्रात विषाणूची प्रत शिवलेली आहे तीच झोपी गेली, तर विषाणूही तिच्या कुशीत झोपतो. तेथे औषध पोहोचून उपयोग नाही, कारण बंद पाडायला यंत्र चालूच नसते. मारक पेशीलाही तो दिसत नाही, कारण उंबरठ्यावर नमुनाच नसतो. हा साठा १९९७ साली उघडकीस आला. तो इतक्या मंद गतीने घटतो की केवळ औषधाच्या बळावर तो संपायला साठहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब आहे. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत बहुतेकांचा विषाणू परत येतो. 'आता बरे वाटते' म्हणून औषध सोडू नये, असे डॉक्टर बजावतात ते यासाठी.

पूर्ण बरी झालेली माणसे जगात मोजकीच. त्यांतील पहिला टिमोथी ब्राउन. त्याला रक्ताचा कर्करोगही होता. २००७ साली बर्लिन येथे त्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आणि डॉक्टरांनी मुद्दाम असा दाता शोधला, की ज्याच्या पेशींवर सीसीआर-५ ची कडी नव्हती. नव्या फौजेला कुलूपच नसल्याने विषाणू उपाशी मेला. २०२० साली तो कर्करोगाने वारला, तोवर एच.आय.व्ही. परत आला नव्हता. पण हा उपचार स्वतःच जिवावर बेतणारा आहे. तो सर्वांना देता येण्यासारखा नाही.

लसीचा शोधही चालू आहे. भारतातील पहिली एच.आय.व्ही. लस-चाचणी २००५ साली भोसरीच्या याच संस्थेत सुरू झाली आणि निरोगी स्वयंसेवकांनी त्यासाठी दंड पुढे केले. ती लस पुरेशी प्रभावी ठरली नाही. तरीही त्या स्वयंसेवकांचे ऋण मानले पाहिजे. विषाणूचे बाह्य आवरण सतत बदलत असल्याने बी पेशींची प्रतिपिंडे नेहमी एक पाऊल मागे राहतात. थोड्या लोकांत मात्र काही वर्षांनी अनेक रूपांना आवर घालणारी प्रतिपिंडे तयार होतात. तशी ती सर्वांत कशी घडवावीत, यावर आज जगभर प्रयत्न चालले आहेत.

समारोप

आता पुन्हा हासेगावकडे वळू. जन्मतः लागण झालेल्या बाळाची फौज अजून कोवळी असते. उपचार न मिळाल्यास अशी निम्मी बालके दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. म्हणजे सेवालयातील प्रत्येक मूल हे आपल्या रक्तातील राखणदारांच्या, औषधाच्या आणि कोणा माणसाच्या मायेच्या बळावर तगलेले आहे. या संस्थेला सुरुवातीच्या काळात विरोध झाला. या मुलांच्या शेजारी आपली मुले शाळेत बसवायला पालक तयार नव्हते. त्या पालकांना मी दोष देऊ इच्छित नाही. त्यांना भीती होती आणि भीती घालवणारी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. आज तेथील मुले मोठी झाली, शिकली, आणि सज्ञान झालेल्यांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वसाहत उभी राहिली.

जो विषाणू दोन विशिष्ट कड्या जुळल्याशिवाय पेशीचे दार उघडू शकत नाही, तो बाकावर शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने कसा शिरणार? तो शिरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून, आणि आईकडून बाळाला. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने शिक्षणात, नोकरीत, उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण कायदा बाकावरची जागा देऊ शकतो, शेजारी बसणारा मित्र देऊ शकत नाही.

शरीरातील फौजेची शिकवण मला अशी वाटते. शत्रू नेमका ओळखणारी आणि काम झाल्यावर शांत होणारी फौज शरीर तारते. उगाच खवळलेली फौज आपल्याच घराच्या भिंती पाडते. समाजाचेही तसेच आहे. रोग ओळखून त्याचा प्रतिबंध करावा. रोग्यावर मात्र हत्यार उगारू नये. पुढच्या १ डिसेंबरच्या फेरीत लाल फीत लावताना आमच्या मैत्रिणीचा प्रश्न आपण सर्वांनी आठवावा. ज्यांना उत्तर समजले आहे त्यांनी ते घरी जाऊन आपल्या आईवडिलांना आपल्या भाषेत सांगावे, एवढीच विनंती.